केडगावचे मुक्तिसदन

पुण्याहून दौंडकडे जाणाऱ्या आगगाडीच्या वाटेवर केडगाव नावाचे एक स्टेशन लागते. स्टेशनात पाहण्यासारखे विशेष काही नाही, आणि पुणेकरांपैकी बहुतेकांनी ते खिडकीतूनच पाहिलेले असते. परंतु या गावाच्या शिवारात गेल्या शतकाच्या आधीच्या शतकाअखेर जो एक संसार उभा राहिला, त्याची हकीकत सांगितल्याखेरीज महाराष्ट्रातील स्त्रीजीवनाचा इतिहास पुरा होत नाही. त्या संसाराची यजमानीण होती पंडिता रमाबाई.

रमाबाईंचे नाव आपल्याकडे दोन तऱ्हांनी घेतले जात आले आहे. काहींच्या लेखी त्या धर्म सोडून गेलेल्या विदुषी. काहींच्या लेखी संतपदाला पोचलेल्या साध्वी. पहिल्या पक्षाने त्यांच्या सेवेकडे पाहायचे नाकारले आणि दुसऱ्याने त्यांच्या हट्टी, भांडखोर, स्वतंत्र बुद्धीवर पांढरी चादर पांघरली. आम्हांस या दोन्ही गोष्टी अन्यायाच्या वाटतात. बाईंची श्रद्धा व्यासपीठावर किती शोभली यापेक्षा ती जात्यावर, विहिरीवर, आजाऱ्याच्या अंथरुणाशी कशी वागली हे पाहावे, असा आमचा आजचा उद्देश आहे.

आरंभ थोडा मागून करावा लागेल. १८५८ साली गंगामूळच्या अरण्यात अनंतशास्त्री डोंगरे यांच्या आश्रमात रमाबाईंचा जन्म झाला. शास्त्रीबुवांनी आपल्या पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष ओढवून घेतला होता, आणि त्या माउलीने पहाटे उठून आपल्या मुलीला तेच धन दिले. पुढे अतिथी, यात्रेकरू आणि विद्यार्थी यांच्या सरबराईत शास्त्रीबुवांचे सारे किडूकमिडूक संपले. हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत फिरू लागले. १८७० नंतरच्या त्या दशकात मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला. आधी दागिने, मग चांदीची भांडी, मग पितळेची, असे विकता विकता विकण्यासारखे काही उरले नाही. रानातला पाला खाऊन दिवस काढण्याची पाळी आली. तरी मजुरी करावी, हात पसरावा, हे कोणाला सुचले नाही. सुचले असते तरी जमले नसते. शास्त्र्याच्या घरी श्रम शिकवलेच नव्हते आणि अभिमान मात्र भरपूर शिकवला होता. वडील गेले, पाठोपाठ आई गेली, मग थोरली बहीण. आईच्या प्रेताला खांदा द्यायला पुरेशी माणसे मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले; तिसरा भाऊ श्रीनिवास; चौथ्या जागी रमाबाई. उंचीने ठेंगण्या असल्यामुळे तिरडीचा तो कोपरा त्यांनी खांद्यावर न घेता डोक्यावर घेतला.

ही आठवण बाईंनी पुढे स्वतःच लिहून ठेवली आहे. केडगावचे जे काही आपण पाहणार आहोत, त्याचे मूळ बायबलात जितके आहे तितकेच या तिरडीखाली आहे, असे आमचे मत आहे.

यापुढची काही वर्षे सर्वांना परिचित आहेत. १८७८ साली बहीणभाऊ कलकत्त्यास पोचले. तिथल्या विद्वानांनी बाईंना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. १८८० साली भाऊ वारला. त्याच वर्षी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी त्यांनी विवाह केला आणि १८८२ साली पतीही पटकीने गेला. कडेवर लहानगी मनोरमा घेऊन बाई पुण्यास आल्या. आर्य महिला समाज स्थापन केला, हंटर कमिशनपुढे साक्ष दिली आणि १८८३ साली इंग्लंडला निघाल्या. वैद्यकी शिकायची इच्छा होती. पण कानांनी दगा दिला, ऐकू कमी येई, म्हणून तो बेत सुटला.

इंग्लंडात वाँटेज येथील जोगिणींच्या मठात त्या राहिल्या आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरात त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांचे मन कशाने वळले? पंडितेचे मन वादाने वळले असेल असे आपण सहज धरून चालतो. परंतु बाईंनी स्वतः जी गोष्ट सांगितली आहे ती वेगळी आहे. मठातील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथे एक आश्रम दाखविला. वाट चुकलेल्या, समाजाने टाकलेल्या बायांना तिथे ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना काम शिकवीत. अशा बाईच्या सावलीला उभे राहू नये, एवढेच बाईंनी लहानपणापासून ऐकले होते. या कुलीन स्त्रिया त्यांना जवळ का घेतात, असे त्यांनी विचारले, तेव्हा योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी बाईची गोष्ट त्यांना सांगण्यात आली. ती त्यांच्या मनात घर करून राहिली. म्हणजे सिद्धान्त मागाहून आला. आधी दिसली ती सेवा.

सिद्धान्तावर मात्र त्यांचे त्या मठाशी जन्मभर पटले नाही. त्रैक्याच्या मतावर त्यांनी वाद घातला. कोणत्या चर्चने आपल्याला काय मानावयास सांगावे, यावर वाद घातला. क्रुसावर लॅटिन शब्द कशासाठी, आमच्या संस्कृतात काय उणे आहे, असेही त्यांनी मठातल्या आपल्या धर्ममातेला पत्रातून विचारले. मांसाशन त्यांनी केले नाही. जुन्या कर्मठांचे जू झुगारले ते नव्या धर्मगुरूंचे घेण्यासाठी नव्हे, हा त्यांचा बाणा होता. आमच्याकडील टीकाकारांना हे ठाऊक असते तर त्यांची लेखणी कदाचित थोडी अडखळली असती.

१८८६ साली आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठी त्या अमेरिकेला गेल्या. तिथे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील आपले इंग्रजी पुस्तक १८८७ साली प्रसिद्ध केले, आणि त्याच वर्षी बोस्टन येथे त्यांच्या साहाय्यासाठी मंडळ स्थापन झाले. दहा वर्षे पैसा पुरविण्याचे त्या मंडळाने कबूल केले. त्या बळावर ११ मार्च १८८९ रोजी मुंबईस शारदासदन उघडले. १८९० अखेर ते पुण्यास आले.

आता आपण नाजूक जागी आलो आहोत. सदन कोणत्याही धर्माचा प्रचार करणार नाही, असा करार होता. मुलींना आपापले आचार, सोवळे, खाणेपिणे पाळण्याची मोकळीक होती. सल्लागार मंडळात न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर यांच्यासारखी माणसे होती. ज्या रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांनी आपले नाव या विधवागृहामागे उभे केले होते, ही गोष्ट अशा मालेच्या श्रोत्यांनी विसरू नये. पण बाई पहाटे स्वतःची प्रार्थना करीत आणि खोलीचे दार लावून घेत नसत. मुली येऊन बसू लागल्या. 'केसरी'ने कडक टीका केली. १८९३ साली रानडे व भांडारकर यांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

दोष कोणाचा? बाईंचे म्हणणे असे, की मी मुलींना बोलावले नाही, पण आलेल्यांना बाहेर घालवणार नाही. माझ्या घरात माझा देव मी चोरून का भजावा? रानडे-भांडारकरांची बाजूही लटकी नव्हती. पोरसवदा, निराधार विधवेला ज्या एका स्त्रीने माया दिली, तिच्या उघड्या दाराचे आकर्षण हा काही तटस्थ प्रकार नव्हे. १८९५ साली सदनातील काही मुलींनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा या शंकेला आधारही मिळाला. आमच्या मते करार शब्दाने पाळला गेला, भावाने पाळणे बाईंना शक्यच नव्हते, आणि हे त्यांनी आधीच ओळखावयास हवे होते. परंतु जे पुणे मुली काढून न्यायला धावले, त्याच पुण्याने त्याआधी त्या मुलींच्या डोक्यावरून वस्तरा फिरवला होता, हेही त्याच दमात सांगितले पाहिजे.

या वादातून एक फळ मात्र निघाले. शारदासदनाच्या अगदी पहिल्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई जोशी यांचा पुनर्विवाह मार्च १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी झाला. हिंदू समाजाचा विश्वास बसेल असे विधवागृह आता निघाले पाहिजे, हे कर्व्यांच्या मनाने घेतले आणि १८९६ साली त्यांनी आपला आश्रम काढला. हिंगण्याच्या वृक्षाचे एक मूळ असे शारदासदनाच्या अंगणातून आलेले आहे.

बोस्टनची दहा वर्षे संपल्यावर काय, या विवंचनेने बाईंनी केडगावला सुमारे शंभर एकर जमीन घेऊन ठेवली होती. फळबाग करावी आणि तिच्या उत्पन्नावर सदन चालवावे, असा साधा हिशेब. तो हिशेब दुष्काळाने उधळला. १८९६ च्या अखेरीस मध्यप्रांतातून उपासमारीच्या बातम्या येऊ लागल्या. दुसरी एखादी बाई वर्गणी पाठवून गप्प बसली असती. या बाईंनी पाला खाल्लेला होता. त्या स्वतः तिकडे गेल्या. मदत-छावण्यांतून अनाथ मुली कोण उचलून नेतात आणि कशासाठी, हे त्यांनी पाहिले आणि हाती लागतील तेवढ्या मुलींना घेऊन परत फिरल्या. पुण्यात त्याच सुमारास प्लेग. नव्या मुली शहरात ठेवू नयेत असा हुकूम झाला. तेव्हा त्यांना केडगावच्या उघड्या माळावर नेले आणि तंबू व झोपड्या उभारल्या. प्लेगच्या बंदोबस्तात सदनातील एका मुलीची जी दुर्दशा झाली, तिच्याबद्दल बाईंनी १८९७ साली 'बॉम्बे गार्डियन' पत्रात सरकारवर उघड टीका केली. ख्रिस्ती झाल्या म्हणून त्या साहेबाच्या झाल्या नव्हत्या, याचा हा पुरावा.

फळबागेच्या जागी अशा रीतीने माणसांची बाग आली. १८९९–१९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही मुली आल्या आणि मुक्तिसदनातील माणसांचा आकडा दीड हजारांच्या वर गेला. त्या आल्या त्या स्थितीत त्यांना नुसते पाहणेही कठीण होते. अंगावर चिंध्या, डोक्यात उवा, तोंडात व्रण, अन्न दिसले की हिसकावून घ्यायची सवय. कित्येक आल्या त्या मरण्यासाठीच. ज्या जगल्या त्यांना आधी हात धुवायला, मग पंगतीत बसायला आणि मग पाटी धरायला शिकवायचे. पुण्याहून आलेल्या, कालपर्यंत सोवळे पाळणाऱ्या विधवांनी जातीची चौकशी न करता या पोरींना न्हाऊ घातले. जातिभेदावर शंभर व्याख्याने झाली असतील. केडगावला तो प्रश्न न्हाणीघरात सुटला.

शिक्षणाच्या जोडीने प्रत्येकीला एक हातकाम आलेच पाहिजे, हा बाईंचा दंडक होता. कोणी दळण-कांडण करी, कोणी मागावर बसे, कोणी तेलाच्या घाण्यावर, कोणी गोठ्यात, कोणी शेतात. कोणी शिवणे, कोणी धुणे, कोणी रोग्यांची उस्तवार. विद्वान बापाच्या घरात श्रमाची लाज वाटली म्हणून पाच माणसांचे कुटुंब कसे उपाशी पडले, हे जिने पाहिले तिला हातकाम म्हणजे निव्वळ पोट भरण्याची सोय वाटणार नव्हती. फुलमला पाहिलेले तेही विसरले गेले नव्हते. वाट चुकलेल्या स्त्रियांसाठी कृपासदन निघाले. आंधळ्या मुलींची वेगळी सोय झाली. मनोरमाबाई अमेरिकेत ब्रेल लिपी शिकून आल्या आणि त्यांनी ती या मुलींना शिकविली, त्यामुळे आंधळी मुलगीही वाचू लागली, दुसरीला शिकवू लागली. १९०५ साली मुक्तिसदनात प्रार्थनेचा जो मोठा उमाळा आला, त्याविषयी ख्रिस्ती मंडळींनी पुष्कळ लिहिले आहे. त्या अनुभवाची पारख करण्याचा आम्हांस अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की तो ओसरल्यावरही जाते आणि माग चालूच होते.

त्या साऱ्या उद्योगांत छापखाना आम्हांस सर्वांत विलक्षण वाटतो. दुष्काळात मरता मरता वाचलेल्या मुली खिळे जुळवू लागल्या, छापू लागल्या, बांधणी करू लागल्या. आणि बाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलाचे नवे मराठी भाषांतर आरंभिले. त्या भाषा त्यांनी उतारवयात हाती घेतल्या. खेड्यातल्या बाईला समजावे म्हणून त्यांनी भाषा सोपी ठेवली. इतकेच नव्हे, तर ज्या संस्कृत शब्दांना जुन्या तत्त्वज्ञानाचा वास येतो ते शब्द वेचून बाहेर टाकले. एके काळी क्रुसावर संस्कृत मागणारी पंडिता ती हीच. येथे आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. त्याच काळात नगरला नारायण वामन टिळक अभंग आणि कीर्तन ख्रिस्ताच्या पायी वाहत होते, आणि त्यांची भजने आजही देवळांतून म्हटली जातात; बाईंचे भाषांतर मात्र ख्रिस्ती उपासनेत फारसे रुळले नाही. भाषेचे पाणी गाळता गाळता त्याची चवही गेली, असे म्हणावेसे वाटते. तरी हे काम कोणासाठी चालले होते हे ध्यानात घेतले म्हणजे टीकेची धार आपोआप बोथट होते.

शेवटची वर्षे कष्टाची गेली. १९१९ साली सरकारने कैसर-इ-हिंद पदक दिले. पण जिच्या हाती हा सारा व्याप सोपवायचा ती मनोरमा जुलै १९२१ मध्ये आईच्या आधी गेली. बाई पांढऱ्या सुती लुगड्यात, पुढ्यात मुद्रिते घेऊन, अखेरच्या दिवसांपर्यंत तपासणी करीत राहिल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगावलाच त्यांचे देहावसान झाले. बायबल पुरे छापून झाले ते १९२४ साली, मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून.