रिॲलिटी शोचा चोरटा आनंद

रिॲलिटी शोचा चोरटा आनंद म्हणजे ज्या दूरचित्रवाणी कार्यक्रमांना प्रेक्षक स्वतःच हलक्या दर्जाचे मानतो, ते नियमितपणे, आवडीने, परंतु शक्यतो चारचौघांत कबूल न करता पाहण्याची प्रवृत्ती होय. या अर्थाचा ‘गिल्टी प्लेजर’ हा इंग्रजी शब्दप्रयोग मराठी वृत्तपत्रांत व बोलण्यात आता जसाच्या तसा वापरला जातो. मूळ शब्दात भर अपराधाच्या जाणिवेवर आहे. मराठीतील ‘चोरटा’ हे विशेषण मात्र कोणी पाहील या धास्तीकडे बोट दाखवते, आणि महाराष्ट्रातील अनुभवाला तेच अधिक जुळते. येथील प्रेक्षकाला बहुधा पापाचे भय नसते. त्याला भय असते ते ‘तुम्हीसुद्धा हे पाहता?’ या प्रश्नाचे.

मराठीत ही प्रवृत्ती सर्वाधिक स्पष्ट दिसते ती ‘बिग बॉस मराठी’ या कार्यक्रमाच्या संदर्भात. मात्र लाजत लाजत करमणूक पाहण्याची परंपरा मराठी समाजात दूरचित्रवाणीहून पुष्कळ जुनी आहे, आणि तिचा एक ठळक धागा अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेर या गावापर्यंत जातो.

पूर्वपीठिका : तमाशा आणि अनंत फंदी

उत्तर पेशवाईतील शाहीर अनंत फंदी (1744–1819) हे संगमनेरचे. त्यांचे मूळ आडनाव घोलप. ब्राह्मण कुळात जन्मूनही त्यांनी लावण्या रचल्या व तमाशाचा फड गाजवला. त्यांच्याविषयी प्रसिद्ध आख्यायिका अशी की, अहिल्याबाई होळकर यांनी त्यांना ब्राह्मणाने तमाशा करणे शोभत नाही असे सुनावले आणि त्यानंतर ते कीर्तनाकडे वळले. अहिल्याबाई स्वतः याच जिल्ह्यातील चौंडीच्या. पुढे फंदींचे नाव मुख्यतः ‘फटका’ या उपदेशपर काव्यप्रकाराशी जोडले गेले आणि शाळेच्या पुस्तकांतून पोहोचले ते हेच फंदी. लावणीकार फंदी अभ्यासकांपुरते उरले. एकाच कवीची ही विभागणी बोलकी आहे: जे लोकांनी रात्री जागून ऐकले ते मागे पडले आणि जे दिवसा मुलांकडून पाठ करून घेता आले ते टिकले.

तमाशा पाहायला जाणे प्रतिष्ठित घरांत दीर्घकाळ कमीपणाचे मानले गेले. तरीही फड भरत राहिले. संगमनेरवरून जाणाऱ्या पुणे–नाशिक महामार्गावरच नारायणगाव आहे. तेथे जत्रांच्या हंगामात तमाशा फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे लोक सुपारी देण्यासाठी येतात. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांच्या सरकारने तमाशावर बंदी घातली. ती पुढे अटींसह उठवण्यात आली. बंदीने तमाशा संपला नाही, पण ‘सुधारलेला’ आणि ‘न सुधारलेला’ असा भेद मात्र पक्का झाला. रिॲलिटी शोच्या बाबतीत हाच भेद नव्या रूपात दिसतो.

मराठी दूरचित्रवाणीवरील दोन प्रती

मराठीतील सर्वच रिॲलिटी शो चोरून पाहिले जात नाहीत. झी मराठीवर 2004 साली सुरू झालेल्या ‘होम मिनिस्टर’ने आदेश बांदेकर यांना घरोघरी नेले, त्यात गृहिणी खेळ खेळत आणि पैठणी जिंकत. ‘सा रे ग म प’च्या ‘लिटिल चॅम्प्स’ पर्वाची अंतिम फेरी फेब्रुवारी 2009 मध्ये झाली. आळंदीची कार्तिकी गायकवाड विजेती ठरली, तर आर्या आंबेकर, प्रथमेश लघाटे, मुग्धा वैशंपायन व रोहित राऊत ही अंतिम फेरीतील मुले घराघरांत परिचित झाली. ते पर्व पाहिल्याचे कोणी लपवले नाही. उलट ते न पाहणाराच अरसिक ठरला असता.

वस्तुतः गाण्याची स्पर्धा असो वा घरात कोंडलेल्या माणसांचा खेळ, दोन्हींची यंत्रणा बरीच सारखी आहे. दोन्हींत स्पर्धक गळतात, प्रेक्षक मते देतात, अश्रू टिपले जातात आणि निकालापूर्वीचा क्षण लांबवला जातो. लहान मुलांच्या रडण्यावर कॅमेरा रोखणे हे प्रौढांचे भांडण दाखवण्यापेक्षा सौम्य कसे, याचे समाधानकारक उत्तर मिळत नाही. फरक इतकाच की, पहिल्या प्रकारात पाहण्याला ‘कला’ या शब्दाचे पांघरूण मिळते.

बिग बॉस मराठी

‘बिग बॉस’चे मूळ ‘बिग ब्रदर’ या डच कार्यक्रमात आहे. जॉन डी मोल यांची ही कल्पना 1999 साली नेदरलँड्समध्ये पडद्यावर आली; तिचे नाव जॉर्ज ऑर्वेल यांच्या ‘1984’ या कादंबरीवरून घेतले आहे. हिंदी आवृत्ती 2006 मध्ये सुरू झाली. नोव्हेंबर 2010 मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने ती रात्री 11 नंतरच दाखवण्याचा आदेश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली.

मराठी आवृत्ती कलर्स मराठी वाहिनीवर 15 एप्रिल 2018 रोजी सुरू झाली. पहिल्या पर्वाचे घर लोणावळ्यात होते. पहिली चार पर्वे महेश मांजरेकर यांनी आणि 2024 मधील पाचवे पर्व रितेश देशमुख यांनी सूत्रसंचालित केले. मेघा धाडे, शिव ठाकरे, विशाल निकम, अक्षय केळकर व सूरज चव्हाण हे या पाच पर्वांचे अनुक्रमे विजेते होत.

घरात चोवीस तास कॅमेरे चालतात आणि त्यातून सुमारे तासाभराचा भाग निवडला जातो. त्यामुळे जे दिसते ते घडलेले असले, तरी कोणते वाक्य कोणत्या चेहऱ्याला जोडायचे हे संकलक ठरवतो. नियमित प्रेक्षकांना हे ठाऊक असते. किंबहुना ‘हे कापून दाखवले आहे’ हा तर्क करत बसणे हा त्यांच्या आनंदाचाच एक भाग असतो.

परक्या साच्याला मराठी कपडे चढवण्याचे काम निर्मात्यांनी लक्षपूर्वक केले आहे. आठवड्याअखेर सूत्रसंचालक स्पर्धकांचा जाब विचारतो त्या भागाला ‘बिग बॉसची चावडी’ म्हटले गेले. पाचव्या पर्वात तो ‘भाऊचा धक्का’ झाला. पहिले नाव गावातील पंचांचे, दुसरे मुंबईच्या बंदराचे. चावडी हे नाव अधिक नेमके होते, कारण प्रेक्षक येथे मुख्यतः न्याय करायला बसतो: कोण खोटे बोलले, कोणी मीठ खाऊन बेइमानी केली, भांडी कोणी घासली नाहीत. वाड्यातल्या किंवा चाळीतल्या भांडणात शेजाऱ्याने जे तत्परतेने केले असते, ते येथे कोणाचाही राग न ओढवता करता येते.

प्रतिष्ठेचे दोन प्रसंग

तिसऱ्या पर्वात (2021) कीर्तनकार शिवलीला पाटील सहभागी झाल्या, तेव्हा वारकरी संप्रदायातून तीव्र नाराजी व्यक्त झाली. प्रकृतीच्या कारणास्तव त्या लवकरच बाहेर पडल्या आणि पुढे त्यांनी वारकऱ्यांची जाहीर माफी मागितली. अनंत फंदी तमाशातून कीर्तनात गेले. येथे कीर्तनातून उलट दिशेने टाकलेले पाऊल मागे घ्यावे लागले. ज्या घरांतून नाराजी व्यक्त झाली त्यांपैकी काही घरांत तरी तो कार्यक्रम पाहिला जात असणार, नाहीतर घरातले वागणे खटकले असते कसे, ही शंका येथे नोंदवण्याजोगी आहे.

दुसरा प्रसंग पाचव्या पर्वाचा. विजेते सूरज चव्हाण हे बारामती तालुक्यातील मोढवे गावचे. लहानपणीच आईवडिलांचे छत्र हरपलेले, शिक्षण बेताचे, प्रसिद्धी मोबाइलवरील छोट्या चित्रफितींतून मिळालेली. उपविजेते होते गायक अभिजीत सावंत, 2005 सालच्या पहिल्या ‘इंडियन आयडॉल’चे विजेते. सूरज यांना सहानुभूतीने जिंकवले, ही टीका समाजमाध्यमांवर पुष्कळ झाली. तिच्यात खेळाविषयीचे मत थोडे आणि बोलीविषयीचे, राहणीविषयीचे मत अधिक होते. कार्यक्रम हलका आहे असे म्हणणाऱ्यांचा रोख अनेकदा त्यात दिसणाऱ्या माणसांवर असतो, हे या निमित्ताने उघड झाले.

अभ्यासकांची निरीक्षणे

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन रीस व जेम्स विल्ट्झ यांनी 2004 मध्ये 239 प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध केला. रिॲलिटी शोच्या चाहत्यांत प्रतिष्ठेची ओढ इतरांहून अधिक असते, असे त्यांना आढळले. समाजशास्त्रज्ञ मॅकॉय व स्कारबरो यांनी 2014 मध्ये ‘वाईट’ कार्यक्रम पाहण्याच्या निरनिराळ्या रीती मांडल्या: टिंगल करण्यासाठी पाहणे, वाईटपणातच रस घेणे आणि मनापासून आवडत असताना लाजणे. मराठी घरांत पहिली रीत हे तिसरीचे सोयीचे सोंग असते. ‘काय मूर्खपणा चालला आहे ते बघतोय’ हे वाक्य सलग शंभर रात्री म्हणता येते.

रायनेके, हार्टमन व ईडन यांच्या 2014 मधील 471 जणांच्या अभ्यासात एक व्यावहारिक गोष्ट आढळली. कामाने अतिशय थकलेल्या लोकांना, ज्यांना विश्रांतीची गरज सर्वाधिक असते, दूरचित्रवाणी पाहताना वेळ वाया घालवल्याची टोचणी अधिक लागते आणि त्यामुळे त्यांना विसावा कमी मिळतो. दिवसभर राबून रात्री साडेनऊला संच लावणाऱ्या गृहिणीला ‘पुन्हा तेच लावलंस का?’ असे विचारणाऱ्यांनी हा निष्कर्ष ध्यानात घ्यावा.

पाहण्याच्या जागेतील बदल

तमाशा पाहण्यासाठी गावच्या वेशीपर्यंत जावे लागे. गेलेला माणूस दिसे. दूरचित्रवाणी संच बैठकीच्या खोलीत आला, तेव्हा आवड घरापुरती उघडी पडली. सून आणि सासू एकाच कार्यक्रमापुढे बसल्या, आणि पाहुणा आला की वाहिनी बदलून बातम्या लावण्याची रीत पडली. पाचव्या पर्वाचे भाग जिओसिनेमावरही उपलब्ध होते. मोबाइल व कानातले यंत्र यांमुळे तोच भाग एकाच घरात तिघेजण तीन खोल्यांत, एकमेकांच्या नकळत पाहू शकतात. सकाळी चहाच्या वेळी कोणीतरी एखाद्या स्पर्धकाचे नाव सहज घेतो आणि उरलेल्या दोघांना, विचारल्याशिवायच, तो कोण हे माहीत असते.