मोटेचं चामडं

मोटेवर आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलंय. धावेवरचे बैल, चाकाची कुरकुर, पहाटेची गाणी, सगळं आलंय. मोट ज्या चामड्याची व्हायची त्याबद्दल मात्र कुणी फारसं बोलत नाही. एका खेपेला दीडशे लिटरच्या आसपास पाणी. दिवसभर बुडायचं, वर यायचं, थारोळ्यात रितं व्हायचं, वरून पुन्हा बुलडाण्याचं ऊन. नुसतं कातडं या ओल्या-सुक्यात कधीच कुजून गेलं असतं.

आमचं गाव चिखली तालुक्यातलं. विहिरी खोल, खाली काळा खडक. माझं लहानपण साठीच्या दशकातलं, त्यामुळे मोटेची अखेरची वर्षं मी पाहिली. मोट शिवणारे बावा चांभारवाड्यात राहायचे. कुठे कुठे कमावण्याचं काम ढोर समाजाकडे आणि शिवण्याचं चांभारांकडे अशी वाटणी असे. आमच्या गावात दोन्ही एकाच घरात होतं. चुन्याच्या पाण्यात कातडं भिजवून केस काढायचे, मग बाभळीची साल आणि हिरडा कुटून त्याच्या पाण्यात ते मुरवायचं. कधी कातड्याचीच पिशवी शिवून, तिच्यात सालीचं पाणी भरून झाडाला टांगत. पाणी थेंब थेंब पाझरायचं, खाली मडक्यात जमलेलं पुन्हा वर ओतायचं. वास असा की गावानं तो वाडा वाऱ्याच्या खालच्या अंगाला ठेवलेला.

सालीचा तुरटपणा अंगात भिनला की चामडं कुजत नाही. पण कमावलेलं चामडंही पाणी पितंच. पाणी अडवायचं काम तेलाचं, आणि आमच्याकडे ते तेल करडईचं.

ज्वारीच्या वावराला कडेनं करडईचे पट्टे असत. काट्यांमुळे ढोरं आत शिरत नसत, शिवाय तेलही मिळे. घाण्याचं तेल खायला. चामड्यासाठीचं तेल चुलीवर तासन् तास कढवून दाट करायचं. जॉर्ज वॉट नावाच्या इंग्रजानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हिंदुस्थानातल्या उपयोगी वस्तूंचा मोठा कोश केला, त्यात करडईच्या तेलाची आणखी एक तऱ्हा आहे. बियांनी भरलेलं मडकं जमिनीत पुरलेल्या दुसऱ्या मडक्यावर पालथं घालायचं, वर गोवऱ्या पेटवायच्या. खाली काळं, चिकट तेल उतरतं. ते खाण्याच्या कामाचं नाही. विहिरीचे दोर आणि पाण्यात वापरायचं चामडं यांना लावायचं. करडई आणि जवस ही वाळणारी तेलं, म्हणजे हवा लागून त्यांचा पापुद्रा धरतो. एरंडेलानं चामडं मऊ राहतं, पण पापुद्रा येत नाही.

बावांची एक शिस्त होती. कोरड्या चामड्याला ते तेल लावत नसत. आधी ओलं करायचे, अर्धवट सुकू द्यायचे आणि मग उन्हात बसून चिंधीनं चोळायचे. पाणी उडत जातं तसं तेल आत शिरतं. टाक्यांच्या भोकांवर हात जास्त वेळ फिरायचा, कारण मोट गळते ती तिथूनच. माझ्या आजानं तेल देताना वाटी जरा आखडती धरली की म्हणायचे, “पाटील, तेलाले हात आखडसान तं मोट इहिरीतच रडन.”

वहाणांची तऱ्हा निराळी. गंजके खिळे, बैलाच्या नालांचे तुकडे गुळाच्या पाण्यात टाकून आंबवायचे आणि ते पाणी हिरड्यानं कमावलेल्या चामड्यावर फिरवायचं. बघता बघता चामडं काळंभोर. लोखंड आणि हिरड्याचा तुरटपणा एकत्र आला की हा रंग येतो. वर तेल चोळलं की चिखलात चार महिने वहाण निभावायची. गंमत म्हणजे जुन्या शाईचा एक प्रकारही हिरडा आणि हिराकस यांचाच. पोथीतली अक्षरं आणि पायातली वहाण, काळं करणारी वस्तू तीच.

आता मुद्द्याचं बोलतो. बावांच्या हातची मोट आमच्या विहिरीत बुडायची आणि थारोळ्यातलं पाणी घरचे सगळे ओंजळीनं प्यायचे. त्या पाण्याला विटाळ नव्हता. बावांना तहान लागली तर मात्र ते थारोळ्यापासून दहा हात लांब उभे राहायचे आणि कुणीतरी वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचं. महाडला चवदार तळ्याचं पाणी २० मार्च १९२७ ला प्यायलं गेलं. अस्पृश्यतेविरुद्धचा कायदा १९५५ चा. आणि हे मी सांगतोय ते त्यानंतरचं. तेव्हा कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, निदान विहिरीच्या मालकांना तरी. बावांना काय वाटायचं ते त्यांना विचारण्याची आमच्या घरात पद्धत नव्हती. मोबदला म्हणजे खळ्यावरचं धान्य, तेही रास मोजून झाल्यावर.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा झाली, तेव्हापासून आमच्याकडच्या बौद्ध वस्तीनं मेलेलं ढोर ओढणं बंद केलं. बरंच केलं. गावात कुरकुर झाली. बावांना कातडं मिळणं अवघड झालं, तरी त्यांच्या तोंडून त्या वस्तीबद्दल वाकडा शब्द मी ऐकला नाही. पुढे विहिरीवर डिझेल इंजीन बसलं. मोट गोठ्यात खुंटीला टांगली गेली, तेल कुणी लावलं नाही, दोन उन्हाळ्यांत ती फळीसारखी कडक झाली. शेवटी तिचे तुकडे वाद्यांसाठी कापले.

१९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधन विहिरी झाल्या, हातपंप आले. बावांचा धाकटा मुलगा हातपंप दुरुस्तीच्या कामावर लागला. पंपाच्या नळात खोल, पाणी ओढणाऱ्या दट्ट्यावर, चामड्याचाच वाटीसारखा वायसर असे. तो झिजला की पाणी येईना. मग सळया उपसायच्या, वायसर बदलायचा. आमच्या आळीचा पंप तो उघडून बसला की बायका घागरी घेऊन त्याच्या भोवती उभ्या राहायच्या आणि “झालं का, भाऊ?” म्हणून घाई करायच्या. पंप चालू झाला की पहिली ओंजळ तोच पिऊन बघायचा.

नंतर नायट्रिल रबराचे वायसर आले. त्यांना तेलाची गरज नसते. तो मात्र बसवण्याआधी बोटभर तेल फिरवायचाच.