सिंथेसायझरवरची उर्दू

उर्दू म्हटलं की बहुतेकांना गझल, कव्वाली नि मुशायरा आठवतो. कराचीत जन्मलेल्या, लंडनमध्ये वाढलेल्या नाझिया आणि झोहेब हसन या भावंडांनी हीच भाषा सिंथेसायझरच्या ठेक्यावर नाचवली.

सुरुवात मुंबईच्या सिनेमाने झाली. फिरोज खान यांच्या ‘कुर्बानी’साठी (१९८०) संगीतकार बिद्दू यांनी जेमतेम १५ वर्षांच्या नाझियाकडून ‘आप जैसा कोई’ गाऊन घेतलं. तिचाच आवाज दोनदा मुद्रित करून एकावर एक चढवला. फिल्मफेअरही तिलाच मिळालं. १९८१ मध्ये ‘डिस्को दीवाने’ आला. पाठीशी सिनेमा नव्हता, तरी सीमेच्या दोन्ही बाजूंना ती कॅसेट वाजली.

तेव्हा पाकिस्तानात जनरल झियांची राजवट होती. पॉप संगीताला तिथल्या सरकारी टीव्हीवर मोकळेपणा मिळाला तो झियांनंतर. १९८९ मध्ये ‘म्युझिक ८९’ हा कार्यक्रम याच भावंडांनी सादर केला.

२००० साली, अवघ्या ३५व्या वर्षी, नाझिया कर्करोगाने अल्लाहला प्यारी झाली.

उर्दू संपत चालली म्हणून हळहळणारे आपण तिला जुन्या दिवाणखान्यातच बसवून ठेवतो. या दोघांनी तिला पोरांच्या तोंडी दिलं. भाषा जगते ती तिथेच.