अडत्या कोणाचा?

२०१७ साली आमच्या सनीवेलच्या घरी एक साधं पांढरं पाकीट आलं. वर कुठल्याशा ‘क्लीन एनर्जी’चं नाव होतं. सौर पॅनेल विकणाऱ्यांची पाकिटं नेहमीच येतात, त्यांतलंच एक समजून मी ते न उघडता रद्दीत टाकलं. काही आठवड्यांनी तसंच दुसरं आलं, तेही त्याच वाटेनं गेलं. पुढे एकदा विजेचं बिल नीट वाचायला बसलो, तेव्हा लक्षात आलं की आमच्यासाठी वीज विकत घेणारा बदलला आहे. तारा त्याच, मीटर तोच, बिल पाठवणारी कंपनीही तीच. फक्त बिलाच्या आत एक नवं नाव येऊन बसलं होतं. आम्ही काहीच केलं नव्हतं, आणि कायद्यानं तोच आमचा होकार धरला होता.

तुम्ही कॅलिफोर्नियात राहत असाल तर तुमच्याही बिलावर अशी दोन नावं असण्याची शक्यता बरीच आहे. या नव्या मंडळींना ‘ॲग्रिगेटर’ म्हणतात. शब्द नवा आहे, धंदा मात्र जुना. विखुरलेल्या लहान लहान गोष्टी गोळा करून त्यांचा एक ढीग करायचा आणि त्या ढिगाच्या जोरावर मोठ्यांशी व्यवहार करायचा. विमानाची तिकिटं, घरोघरची वीज, बँकेतली खाती, सगळीकडे हाच खेळ चालतो. मराठीत त्याला अगदी जवळचा शब्द आहे: अडत्या. म्हणून ही गोष्ट सिलिकॉन व्हॅलीत सुरू न करता वऱ्हाडात सुरू करतो.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ यादवी युद्ध झालं. तिथला कापूस मिळेनासा झाला आणि लँकेशायरच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसाकडे वळल्या. वऱ्हाडात पैसा आला, मागोमाग रेल्वे आली. गाडीभर कापूस घेऊन बाजारात येणाऱ्या शेतकऱ्याला मुंबईचा व्यापारी ओळखीचा नव्हता, आणि व्यापाऱ्याला एकेका गाडीत रस नव्हता. मधे अडत्या उभा राहिला. तो माल उतरवून घेई, वजन करवी, गिऱ्हाईक गाठी, अडीनडीला उचल देई आणि आपली अडत कापून घेई. त्याच्याशिवाय बाजार चाललाच नसता.

पण अशा बाजारांत भाव ठरे तो हत्ता पद्धतीनं. रुमालाखाली अडत्या आणि खरेदीदार एकमेकांची बोटं दाबत आणि सौदा होई. माल ज्याचा, तो शेजारी उभा असूनही त्याला काही कळत नसे. वजनं खरी की खोटी, कापलेली रक्कम कशाबद्दल, हेही त्याला विचारता येत नसे. अडत्या नाव शेतकऱ्याचं सांगे. पण त्याचं रोजचं येणंजाणं, देणंघेणं खरेदीदाराशी असे. गाडीवाला वर्षातून एकदा-दोनदा येणार, खरेदीदार रोज भेटणार. मग अडत्या कोणाचा?

वऱ्हाड तेव्हा नावानं निजामाचं असलं तरी कारभार इंग्रजांच्या हैदराबाद रेसिडेन्सीचा होता. १८८६ साली रेसिडेन्सीच्या हुकमानं कारंजा इथे, म्हणजे आजच्या वाशिम जिल्ह्यात, देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. १८९७ साली संपूर्ण वऱ्हाडासाठी कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा आला. बाजाराला समिती मिळाली, अडत्ये आणि मापाडी यांना परवाने आले. अडत्याला कोणी बाजारातून हाकललं नाही, कारण त्याची गरज होतीच. त्याचा तराजू तेवढा उघड्यावर आणला.

आता अमेरिकेकडे वळू. इथे तोच अडत्या यंत्राच्या रूपानं अवतरला.

१९५३ साली लॉस एंजेलिसहून न्यूयॉर्कला जाणाऱ्या विमानात दोन स्मिथ शेजारी बसले होते. एक अमेरिकन एअरलाइन्सचे अध्यक्ष सी. आर. स्मिथ, दुसरे आयबीएमचे विक्रेते ब्लेअर स्मिथ. त्यांच्या गप्पांतून ‘सेबर’ ही आरक्षणाची संगणकप्रणाली जन्माला आली. १९६० साली ती न्यूयॉर्क राज्यात बसवली गेली आणि १९६४पर्यंत पूर्ण चालू झाली. सुरुवातीला ती कंपनीपुरतीच होती. ट्रॅव्हल एजंट अजून जाडजूड छापील वेळापत्रक चाळत आणि एकेका विमान कंपनीला फोन लावत. १९७६पासून सेबरचे पडदे थेट एजंटांच्या टेबलावर जाऊ लागले. युनायटेडनं आपलं ‘अपोलो’ आणलं. एकाच पडद्यावर सगळ्या कंपन्यांची उड्डाणं दिसू लागली आणि एजंटाचं काम कितीतरी सोपं झालं.

इथेच रुमाल आला. पडदा एका विमान कंपनीच्या मालकीचा होता आणि त्यावरच्या यादीचा क्रम ठरवणारीही तीच. घाईत असलेला एजंट यादी शेवटपर्यंत वाचत नाही. निम्म्याहून अधिक तिकिटं पहिल्या ओळीतून आणि नव्वद टक्क्यांच्या आसपास पहिल्याच पडद्यावरून काढली जात. १९७८ साली विमानभाड्यांवरचं सरकारी नियंत्रण उठू लागलं, नव्या कंपन्या आल्या, भाडी सारखी बदलू लागली आणि या यादीला सोन्याचा भाव आला. मालक कंपन्या आपली उड्डाणं वर ठेवत, प्रतिस्पर्ध्यांची खाली ढकलत. अमेरिकनचे रॉबर्ट क्रँडल यांनी तर अमेरिकी काँग्रेससमोर हे लपवलंही नाही. आपली उड्डाणं आधी दिसावीत म्हणून तर आम्ही ही यंत्रणा उभारली, असाच त्यांचा युक्तिवाद होता. १९८४ साली सिव्हिल एरॉनॉटिक्स बोर्डानं, स्वतः बरखास्त होण्याच्या अगदी तोंडावर, नियम केला: यादीचा क्रम लावताना उड्डाण कोणत्या कंपनीचं आहे हे पाहायचं नाही. कारंज्यात तराजू उघड्यावर आणला होता, इथे यादी आणली. पुढे २००० साली सेबर विमान कंपनीपासून पूर्ण वेगळी झाली आणि २००४ साली हे नियमही मागे घेतले गेले. आज तुम्ही भारताचं तिकीट शोधताना पहिल्या तीन ओळींपलीकडे किती वेळा जाता, ते आठवून पाहा.

आता माझ्या त्या पाकिटाकडे येतो.

घरोघरच्या ग्राहकांची वीजखरेदी एकत्र करण्याची मुभा शहरांना आणि गावांना देणारा कायदा मॅसॅच्युसेट्समध्ये १९९७ साली झाला. केप कॉड आणि मार्थाज व्हिनयार्ड इथल्या एकवीस गावांनी त्याच वर्षी एकत्र येऊन सुरुवात केली. कॅलिफोर्नियाला ही कल्पना पटायला मोठा तडाखा बसावा लागला. १९९६ साली इथे विजेचा बाजार खुला करण्याचा कायदा झाला. २०००-०१मध्ये घाऊक दर गगनाला भिडले, शहरं आळीपाळीनं अंधारात गेली आणि पॅसिफिक गॅस अँड इलेक्ट्रिक म्हणजे पीजी अँड ई या वीज कंपनीनं २००१च्या एप्रिलमध्ये दिवाळखोरी जाहीर केली. एकटादुकटा ग्राहक अशा बाजारात उभा राहू शकत नाही, हे सगळ्यांना दिसलं. २००२ साली कायदा झाला: शहरं आणि काउंटी आपल्या रहिवाशांसाठी एकत्रित वीज खरेदी करू शकतील. तारा, मीटर आणि बिल जुन्या कंपनीकडेच राहतील.

या कायद्याची मेख ‘काहीच न करणं म्हणजे होकार’ यातच होती. दारोदार फिरून एकेका घराची सही घ्यायची म्हटलं, तर खर्चातच सगळं बुडतं आणि ढीग काही होत नाही. म्हणून शहरानं ठराव केला की सगळे आपोआप आत. ज्याला नको त्यानं कळवून बाहेर पडावं. तसं कळवता यावं म्हणून पत्रं पाठवणं सक्तीचं. मी रद्दीत टाकली ती पाकिटं हीच.

पहिली यंत्रणा २०१० साली मरिन काउंटीत सुरू झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘प्रपोझिशन १६’ मतदानाला आलं. शहराला वीजधंद्यात उतरायचं असेल तर आधी दोन तृतीयांश मतदारांची संमती घ्यावी, असा तो प्रस्ताव होता. त्याच्या प्रचारावर पीजी अँड ईनं सुमारे साडेचार कोटी डॉलर ओतले. विरोधकांकडे त्याच्या पासंगालाही पुरतील एवढे पैसे नव्हते. तरीही प्रस्ताव पडला. तो मंजूर झाला असता तर सनीवेलला ते पाकीट बहुधा कधी आलंच नसतं.

याचा अर्थ हा अडत्या आपोआप भला ठरतो असं नाही. रिव्हरसाइड काउंटीतल्या सहा शहरांनी मिळून अशीच यंत्रणा काढली होती. २०२०च्या उन्हाळ्यात घाऊक वीज महागली आणि पुढच्या वर्षी तिचं दिवाळं वाजलं. ग्राहक जुन्या कंपनीकडे परत गेले. पण एक फरक ध्यानात घ्या. आमच्या वीजखरेदीचे निर्णय घेणाऱ्या मंडळावर आसपासच्या शहरांचे नगरसेवक बसतात, सभा जाहीर असतात, आणि नगरसेवकाला मत देणारे किंवा पाडणारे आम्हीच असतो. सेबरचा मालक कोणी मतदानानं निवडला नव्हता.

ढिगाची ताकद किती असते, हे ६ सप्टेंबर २०२२च्या संध्याकाळी इथे साऱ्यांनी पाहिलं. उष्णतेची लाट होती. राज्याची विजेची मागणी ५२,०६१ मेगावॅट या उच्चांकावर गेली होती. पावणेसहाच्या सुमाराला लाखो फोन एकदम वाजले: शक्य असेल ती वीज बंद करा. कोणी एसीचा आकडा चढवला, कोणी वॉशिंग मशीन थांबवलं, आणि तासाभराच्या आत मागणी दोन हजार मेगावॅटहून अधिक उतरली. आपल्या कोयना प्रकल्पाची सगळी क्षमता १,९६० मेगावॅट आहे. म्हणजे अख्ख्या कोयनेएवढी वीज लोकांनी नुसती बटणं बंद करून ‘निर्माण’ केली. थेंबे थेंबे तळे साचे, ते हे असं.

ती हाक सरकारनं दिली होती आणि लोकांनी ती फुकट ऐकली. पण अशी तळी साचवणं हा आता रीतसर धंदा आहे. तुमच्या थर्मोस्टॅटचा, गाडीच्या चार्जरचा, भिंतीवरच्या बॅटरीचा ताबा थोडा वेळ घ्यायचा, अशी हजारो घरं जोडायची आणि तो ढीग बाजारात विकायचा. अमेरिकेच्या फेडरल एनर्जी रेग्युलेटरी कमिशनच्या २०२०च्या आदेश क्रमांक २२२२नं अशा ॲग्रिगेटरांना घाऊक बाजाराची दारं उघडली. तुमच्या वाट्याला येतं ते एखादं गिफ्ट कार्ड किंवा बिलातली सूट. ढीग केवढ्याला विकला गेला, हे रुमालाखालीच राहू शकतं.

विजेपेक्षा नाजूक ढीग आपल्या पैशाच्या माहितीचा. १९९९ साली योडली ही कंपनी निघाली. तुम्ही बँकेचा पासवर्ड द्यायचा, तिचं यंत्र तुमच्या नावानं आत शिरणार आणि सगळी खाती एका पानावर मांडणार. आपल्यापैकी अनेकांनी वापरलेलं ‘मिंट’ सुरुवातीला याच सोयीवर उभं होतं. ते फुकट होतं, कारण कमाई आपल्याला क्रेडिट कार्डं सुचवून व्हायची. म्हणजे अडत देणारा दुसराच कोणी होता. योडली ग्राहकांच्या व्यवहारांची आकडेवारी, नावं काढून, गुंतवणूकदारांना विकते, हे २०१५ साली वर्तमानपत्रांतून बाहेर आलं. आपली माहिती आपल्या मर्जीनं दुसऱ्याला देण्याचा हक्क अमेरिकेत २०१० सालीच कायद्यात लिहिला गेला. त्याचे अंतिम नियम मात्र २०२४च्या ऑक्टोबरात आले आणि लगेच कोर्टात अडकले.

भारतानं वेगळी वाट धरली. रिझर्व्ह बँकेनं २०१६ साली ‘अकाउंट ॲग्रिगेटर’ नावाची वेगळ्या परवान्याची जातच तयार केली आणि २०२१च्या सप्टेंबरमध्ये व्यवस्था प्रत्यक्ष सुरू झाली. हा मधला माणूस तुमची माहिती एका बँकेकडून दुसरीकडे पोचवतो, पण ती त्याला वाचता येत नाही आणि साठवताही येत नाही. कोणती माहिती, कशासाठी, किती दिवस, याची संमती तुम्ही देता आणि ती मागे घेऊ शकता. अडत्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला हमाली तेवढी दिली. पण संमतीचं बटण घाईघाईत दाबलं, तर ही पट्टीही कामाची नाही. माहिती शेवटी ज्याच्या हाती पोचते, त्याला ती वाचता येतेच.

आमचं मूळ गाव वऱ्हाडातलं. आजोबा बाजारातून परत आले की भाव सांगण्याआधी तराजू कोणी धरला होता ते सांगत, असं वडील सांगायचे. ते पाकीट आज माझ्याकडे नाही, पण त्यानंतर आलेली पाकिटं मी उघडतो. वाचताना एवढंच पाहतो, की याला अडत कोण देतं, याच्या हाती माझं काय दिसतं, आणि मला बाहेर पडायचं झालं तर दार कुठे आहे. अजून तरी मी आमच्या शहराच्या यंत्रणेतच आहे. थर्मोस्टॅटचा ताबा मागणारं एक पत्र मात्र महिनाभर टेबलावर पडून आहे. तुमच्याकडे असंच एखादं पडलं असेल, तर रद्दीत टाकण्याआधी किंवा सही करण्याआधी एकदा पूर्ण वाचा.