रोबोटिक्स क्लबमध्ये कोण काय करतं?

रोबोकॉनसारख्या स्पर्धेत उतरणाऱ्या कॉलेज क्लबमध्ये साधारण चार टीम असतात. मेकॅनिकल टीम सांगाडा, चाकं, ग्रिपर बनवते. इलेक्ट्रॉनिक्स टीम बॅटरी, मोटर ड्रायव्हर, वायरिंग बघते. प्रोग्रामिंग टीम मायक्रोकंट्रोलरचा कोड लिहिते. मॅनेजमेंट टीम स्पॉन्सर, खरेदी आणि हिशेब सांभाळते.

पण खरी गडबड होते ती दोन टीमच्या मध्ये. आमच्या मेकॅनिकल टीमने १०० मिमी व्यासाची चाकं काढून १२५ मिमीची लावली आणि आम्हा कोडवाल्यांना सांगितलंच नाही. एन्कोडर फक्त चाकाचे फेरे मोजतो. त्यावरून अंतर कोड काढतो. त्यामुळे ४ मीटरवर थांबायचा रोबो ५ मीटर जाऊन भिंतीवर आदळला.

तेव्हापासून आमचा नियम: माप बदलायचं तर आधी सगळ्यांच्या शीटमध्ये लिहायचं, मगच पाना उचलायचा.