शून्याची बढती

आम्हां बँकवाल्यांच्या लेखी शून्य शोभते ते आकड्याच्या उजवीकडे, डावीकडचे फुकट! टेलिफोनखात्याला हे मान्य नाही. नोव्हेंबर १९६० मध्ये कानपूर-लखनौ थेट डायलिंग सुरू झाले. पुढे ही सोय देशभर पसरली आणि डावीकडचे शून्य गावाची वेस ठरले. नागपूरची वेस ०७१२. परसर्कलच्या मोबाइललाही शून्य लागे, आपल्या सर्कलमधल्याला नाही.

१५ जानेवारी २०२१ पासून मात्र लँडलाइनवरून प्रत्येक मोबाइलला आधी शून्य! नव्या क्रमांकांना जागा हवी होती. एक्स्चेंज सुधारले, रामदासपेठेतल्या आजींची बोटे कोण सुधारणार? वरच्या मजल्यावरचा मुलगा वेशीबाहेर गेला. यंत्रातली बाई बजावते, ‘आधी शून्य लावा.’ आजी तिलाच विचारतात, ‘लावते गं बाई, पण तो जेवला का?’