बगळा चोर केव्हा झाला?

गेल्या ऑक्टोबरमधली गोष्ट. फिल्डवर्कचा पहिलाच आठवडा. नागभीड तालुक्यातल्या एका गावात बोडीच्या पाळीवर मी वही आणि दुर्बीण घेऊन बसले होते. बोडी म्हणजे आपल्या झाडीपट्टीत धानाच्या बांध्यांना पाणी द्यायला केलेला छोटा, घरचा तलाव. मालकाने ऑगस्टमध्ये उसनवारी करून त्यात रोहू-कटल्याची पाच हजार बोटुकली सोडली होती. समोर उथळ पाण्यात चार राखी बगळे उभे. तो म्हणाला, "मॅडम, तुम्ही पीएचडी करता ना? मंग ह्या चोरायचा बंदोबस्त सांगा जी."

शेजारी जाळं दुरुस्त करत बसलेले ढिवर आजोबा हसले. "बगळा चोर कधीपासून झाला? आमच्या लहानपणी तं नव्हता."

मालकाचा प्रश्न माझ्या सिनॉप्सिसमध्ये होता. आजोबांचा नव्हता. आज तुम्हाला त्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल सांगायचं आहे. संशोधनाचा विषय शोधणाऱ्या प्रत्येकाला तो कधी ना कधी भेटतो, फक्त बगळ्याऐवजी दुसरं काहीतरी असतं.

मासे कोणी सोडत नव्हतं तेव्हा

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या चार जिल्ह्यांत हजारो जुने तलाव आहेत. त्यातले बरेचसे गोंड राजांच्या काळात कोहळी समाजाने बांधले. पुढे इंग्रजांनी 1860 च्या दशकात जमाबंदी करून मालगुजारांना गावाची मालकी दिली, तसे तलावही त्यांचे झाले. आपण आज 'मामा तलाव' म्हणतो त्यातला मामा म्हणजे 'माजी मालगुजारी'. मलाही हे एमएस्सीला असताना कळलं, त्याआधी कोणाचा तरी मामा असेल असंच वाटायचं!

हे तलाव धानासाठी होते. मासे त्यात आपोआप यायचे. पावसाळ्यात सलंगावरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी वाहू लागलं की नाल्यांतून मासे उलटे चढत. मरळ, शिंगूर, वाम अशी नावं आजही जुन्या लोकांच्या तोंडी आहेत. मासेमारी ढिवर समाजाची आणि शिंगाड्याची लागवडही बहुतेक त्यांचीच. रसेल आणि हिरालाल यांच्या 1916 च्या जाती-जमातींवरील ग्रंथात ढीमरांच्या शिंगाडा लागवडीची नोंद आहे. आता डोळ्यांसमोर आणा: पाण्यावर शिंगाड्याची पानं, कमळ, खाली पाणवनस्पती, काठाला गवत. माशाच्या पिलांना लपायला जागाच जागा.

बगळे तेव्हाही होते आणि मासे खातही होते. पण त्या माशासाठी कोणी आधी पैसे मोजलेले नव्हते. नुकसान लिहायला खातंच उघडलेलं नव्हतं. म्हणून जुना काळ सुखाचा होता असं समजू नका. मालगुजाराच्या तलावातून ढिवराच्या वाट्याला किती यायचं, हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे.

पोट फाडून विचारलेला प्रश्न

सरकारी कागदांत 'मासे का कमी होताहेत' हा प्रश्न बराच जुना. 1873 मध्ये फ्रान्सिस डे यांनी हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशातल्या गोड्या पाण्यातल्या मत्स्यव्यवसायावर अहवाल लिहिला. त्यांचं बोट ठळकपणे माणसाकडे होतं: बारीक आसाची जाळी, पिलांची आणि अंडी द्यायला चढणाऱ्या माशांची मासेमारी. 1897 च्या मत्स्यव्यवसाय कायद्याने पाण्यात सुरुंग आणि विष वापरण्यावर बंदी घातली.

बगळ्यावर मात्र तेव्हा वेगळंच संकट होतं. विणीच्या काळात त्याच्या पाठीवर येणारी तलम पिसं युरोपातल्या बायकांच्या टोप्यांत खोवली जात. त्यासाठी कत्तल चालू होती. सिंधमध्ये तर पिसांसाठी बगळे पाळतही. 1902 मध्ये हिंदुस्थानातून पिसांच्या निर्यातीवर बंदी आली.

मग येतं 1912. एकाच वर्षात दोन गोष्टी झाल्या. वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा आला आणि बिहारमधल्या पुसा इथल्या शेती संशोधन संस्थेतून मेसन आणि मॅक्सवेल-लेफ्रॉय यांचं 'हिंदुस्थानातील पक्ष्यांचे अन्न' हे मोठं काम छापून आलं. पद्धत सरळ होती: पक्षी मारायचा, पोट उघडायचं, आत काय आहे ते मोजायचं. त्यातले कीटक शेतीला उपकारक, अपायकारक की तटस्थ, अशी विभागणी करायची. म्हणजे पक्ष्याचा जमाखर्चच!

हे काम वाचाच. इतक्या पक्ष्यांचा इतका काटेकोर हिशेब त्याआधी आपल्याकडे झाला नव्हता. पण पद्धतीची मर्यादाही लक्षात घ्या. पोटात काय गेलं ते यातून कळतं. तलावात काय उरलं ते कळत नाही.

बोटुकलीला किंमत आली

1950 च्या कायद्याने मालगुजारी संपली आणि 1951 मध्ये तलाव सरकारकडे आले. पुढे ते ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना मिळू लागले. त्याच दशकात दूर ओडिशात आणखी एक घटना घडली. रोहू, कटला, मृगळ हे मासे पुराच्या वाहत्या पाण्यातच अंडी घालतात, साचलेल्या तळ्यात घालत नाहीत. 10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माशाच्या पियूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या प्रमुख कार्प माशांचं प्रजनन घडवून आणलं. म्हणूनच 10 जुलैला राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन असतो.

यातून मत्स्यजिरे आणि बोटुकली विकत मिळू लागली. ऑक्सिजन भरलेल्या पिशवीतून ती आपल्या बोडीपर्यंत आली. सोबत एक शिफारसही आली: तलावातली वनस्पती काढा, मरळीसारखे शिकारी मासे काढा, मग बीज सोडा. उत्पादनासाठी ते बरोबरच होतं. पण लपायची जागाही त्याबरोबर गेली.

म्हणजे आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर असं: मासा पकडण्याआधीच त्याला किंमत आली, तेव्हा बगळा चोर झाला. बगळ्याची सवय तीच राहिली. बदलला तो आपला हिशेब. आणि घराची दारं तर आपणच काढून ठेवली होती.

हिशेब करून बघा

राखी बगळ्याला दिवसाला साधारण 300 ते 500 ग्रॅम अन्न लागतं. 400 धरू. बोटुकली 10 ग्रॅमची धरली तर दिवसाला 40. चार बगळे, 160. तीस दिवसांत 4,800! म्हणजे त्या बोडीतली पाच हजार बोटुकली महिन्याभरात जवळजवळ संपायला हवी होती.

मे महिन्यात जाळं ओढलं तेव्हा मासे निघाले. मालकाच्या अपेक्षेपेक्षा कमी, पण निघाले.

गणित चुकलं कुठे? बगळा एकाच बोडीवर जेवत नाही. बांध्यांतले बेडूक, खेकडे, किडे हेही त्याचं अन्न आहे. शिवाय त्याने खाल्लेला प्रत्येक मासा मे महिन्यात जाळ्यात आलाच असता असं नाही. काही रोगाने, काही प्राणवायू कमी पडून मरणारच होते. दुसरीकडे, बुडी मारणारा पाणकावळा आणि अंधारात येणारा रातबगळा मी दिवसा मोजलेच नव्हते. चूक दोन्ही बाजूंनी होती.

मग मालकाला काय सांगितलं?

पहिलं, बगळ्याला हात लावायचा नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे. दुसरं, बगळा पाण्यात चालत शिकार करतो. फूट-दीड फुटापलीकडच्या खोलीत त्याचं फारसं चालत नाही. म्हणून काठ उतरते ठेवण्याऐवजी उभे कापायचे आणि मधे खोल खड्डा ठेवायचा. तिसरं, बीज थोडं मोठं करूनच सोडायचं. लहान असेपर्यंत ते संगोपनाच्या छोट्या टाक्यात ठेवायचं, कारण टाक्यावर ताणून जाळी बांधणं परवडतं, अख्ख्या बोडीवर नाही. जाळी सैल सोडली तर पक्षी अडकून मरतात. चौथं, पाण्यात काटेरी फांद्या टाकायच्या. पिलं त्यात लपतात आणि चोरून जाळं टाकणाऱ्या माणसाचीही अडचण होते. पाणकावळ्यावर खोलीचा उपाय चालत नाही, तिथे फांद्याच कामाला येतात.

आणि नकली बगळा उभा करू नका. जॉन क्रेब्ज यांनी 1974 मध्ये कॅनडात केलेला प्रयोग प्रसिद्ध आहे. बगळ्यांच्या प्रतिकृती ठेवल्या तर उडत जाणारे खरे बगळे तिथेच उतरायला बघत. बगळा दिसला म्हणजे तिथे जेवण आहे, असा त्यांचा हिशेब. आपण 'ध्यान लावून बसलाय' म्हणतो, पण तो एकमेकांकडे लक्ष ठेवून असतो.

तुमच्यासाठी

पेटच्या मुलाखतीला जाताना तुमच्या विषयातला एक शब्द उचलून बघा. माझ्या सिनॉप्सिसमध्ये तो 'नुकसान' होता. गाईडनी त्याखाली रेघ मारून विचारलं, "कोणाचं?" मला तेव्हा राग आला होता. नंतर तहसीलच्या जुन्या वाजिब-उल-अर्जमध्ये गावाच्या पाण्याचे हक्क वाचताना त्या रेघेचा अर्थ कळला. माशावर हक्क कोणाचा हे ठरल्याशिवाय बगळ्याने कोणाचं काय नेलं हे ठरत नाही.

तो हक्क आजही बदलतोय. 2006 च्या वनहक्क कायद्यात पाणवठ्यांतल्या माशांवर सामूहिक हक्काची तरतूद आहे, आणि गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. तलाव ठेकेदाराचा असतो तेव्हा आणि ग्रामसभेचा असतो तेव्हा, बगळ्याकडे बघणारी नजर एकच असेल का? मला माहीत नाही. म्हणूनच तो आता माझ्या प्रबंधाचा एक प्रश्न आहे.

दुसरा प्रश्न जुनाच आहे, पद्धत नवीन. यंदा एकाच बोडीत काही भाग जाळीने झाकलेला, काही उघडा, दोन्हीत सारखंच बीज. वर्षअखेर दोन्हीकडचे मासे मोजायचे. पोट फाडायची गरज नाही.

मालकाने या वर्षी बाभळीच्या फांद्या टाकल्यात. उसनवारी अजून पूर्ण फिटलेली नाही. परवा मी गेले तेव्हा पाळीवर तीन बगळे होते. तो म्हणाला, "चोर आले पाहा, लिहा." मी वेळ आणि संख्या लिहिली. 'चोर' हा शब्द मात्र वहीत घेतला नाही.